आज हात नाही ठेवला
शनिवार, संध्याकाळ

आज पास्टर मत मागायला घरी आले. मल्लेश्वरमच्या आमच्या वॉर्डातून ते अपक्ष उभे आहेत आणि चर्चमधली निम्मी माणसं त्यावरून चिडलीयत. त्यात आमचा थोरला भाऊ, अण्णा, पहिला. पाळकाने या भानगडीत पडूच नये, म्हणतो.

दार आईने उघडलं. पास्टर दिसताच सवयीने तिने डोक्यावर पदर घेतला आणि मान वाकवली. ते नेहमी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बाबा गेले तेव्हाही त्यांच्या कपाळावर हाच हात होता.

आज मात्र पास्टरांनी हात जोडलेलेच ठेवले. म्हणाले, "अक्का, आज नको. आज हात ठेवला तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."

अण्णा आतून आला. "मग मी म्हणतो. माझं मत तुम्हाला नाही."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पास्टर म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्या चर्चला मात्र ये." आणि जिना चढून वरच्या घराकडे गेले.

मी त्यांना मत देणार का? ठरत नाहीये. पाणी, गटारं, कचरा यातलं त्यांना काय कळतं, हा अण्णाचा प्रश्न चुकीचा नाही. पण तो हात. समोर मान वाकलेली असताना तो आवरायचा, तेही मत मागायला आल्यावर? मला नसतं जमलं.

तास झाला. आईच्या डोक्यावरचा पदर अजून तसाच आहे.