टिंबासह वाचावे

मी, खाली सही करणारी, वय ऐंशी वर्षे पूर्ण, सरकारी छापखान्यातील निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्या दाखल्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी त्यांच्यासमोर दुरुस्त केल्या. याहून वेगळा पुरावा लागू नये. हे कोणी सांगून लिहवलेले नाही. मला सांगून काही लिहवणे आजवर कोणाला जमलेले नाही.

मला दोन मुले. मुलगा पोटचा, तो सरकारी वकील आहे. मुलगी माझ्या मैत्रिणीची. ती मैत्रीण डोंगरातून येऊन आमच्या छापखान्यात पुस्तके बांधायची. ती तापाने गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, मी तिला घरी आणले. दत्तकाचा कागद करायचा राहून गेला, तो दोष माझा. मुलाने तेव्हा एकच प्रश्न विचारला, "ही कायमची का?" मी हो म्हटल्यावर त्याने आपली उशी तिला दिली. आज ती डोंगरातल्या शाळेत तिथल्याच भाषेत शिकवते.

कलम १. माझे सर्व शब्दकोश मुलीस द्यावेत. छापखान्यात कोण कशाला काय म्हणतो, हे विचारत फिरायची मला खोड होती. ते सगळे समासात टिपले आहे. नुसत्या 'उंबरठा' या शब्दापाशी सात नोंदी आहेत, आणि आम्ही सगळे एकाच उंबरठ्यावरून आत यायचो.

कलम २. माझे भिंग मुलास द्यावे. ते त्याला कलम ४ वाचताना लागेल.

कलम ३. दारामागची काळी छत्री वरच्या मजल्यावरच्या गायनमास्तरांना द्यावी. अकरा वर्षे ते ती आपली म्हणून मागत आहेत. छत्री माझी आहे. तरी द्यावी, म्हणजे त्यांना ती उघडताना दर वेळी लाज वाटेल.

कलम ४. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत एक मुद्रित, म्हणजे छपाईआधी तपासायचा कच्चा छाप, आहे. त्याची हकिगत सांगते.

परके राज्यकर्ते गेले तेव्हा त्यांनी आखलेल्या एका रेघेच्या आत डोंगरातले, किनाऱ्यावरचे, मळ्यांत राबायला आणलेले असे आम्ही सगळे एकत्र सापडलो होतो. राज्यघटना आमच्या छापखान्यात छापायला आली. मसुद्यात एक वाक्य होते : 'आपली भाषा, शाळा व कारभार ठरवणे हा येथील समाजाचा हक्क राहील.' छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला आम्ही चिमटा म्हणायचो, कारण चिमटा त्याच्या हातातून सुटत नसे. त्याने जुळवलेल्या मजकुरात आले 'समाजांचा'. कान्यावर टिंब. एकाचे अनेक झाले, म्हणजे प्रत्येक समाजाला आपापला हक्क.

मी पेन्सिल उचलली. चिमटा शेजारी उभा होता.

"मुद्दाम घातलंस का रे?"

"टिंबाचा खिळा चुकून शेजारच्या खणात पडला असेल, बाई."

"तुझा खिळा आजवर कधी चुकीच्या खणात पडलाय?"

"राहू द्या की. कुणाला टोचतंय?"

मला ना काढवेना, ना ठेववेना. म्हणून मी समासात लाल पेन्सिलीने विचारले, 'समाज एक की अनेक?' आणि ते मुद्रित घटनेच्या मसुदा समितीकडे पाठवले. तिसऱ्या दिवशी ते परत आले. माझ्या प्रश्नाखाली अध्यक्षांची सही होती, आणि वर एकच शब्द : 'बरोबर'.

एक की अनेक, असे विचारल्यावर बरोबर! मी फोन केला. त्यांचे चिटणीस म्हणाले, "अहो बाई, साहेबांनी पाहिलंय ना? छापा." मी छापले. टिंबासह. त्या टिंबाच्या आधारावर डोंगरात शाळा निघाल्या, किनाऱ्यावर पंचायती बसल्या.

आता सरकार न्यायालयात म्हणते की ते टिंब म्हणजे छापखान्याची चूक. मूळ हस्तलिखितात ते नाही, आणि हे खरे आहे. सरकारची बाजू मांडणारा वकील माझा मुलगा आहे. निकाल त्याच्या बाजूने लागला तर बहिणीची शाळा बंद होईल. सुनावणी पुढच्या वर्षी आहे, आणि तोवर मी असेन असे डॉक्टर म्हणत नाहीत.

मुद्रित आजच का देत नाही? मी असताना दिले तर मुलगा माझ्या धाकाने ऐकेल. मला त्याचे स्वतःचे मत हवे आहे. ते काय निघते हे पाहायला मी नसेन, याचे मात्र फार वाईट वाटते. मुद्रित दोघांनी एका टेबलाशी बसून उघडावे. नंतर न्यायालयात दाखवायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे.

कलम ५. हे राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या मुलांचे राहील.

बाळा, या ओळीतले टिंब मी लाल शाईने दिले आहे. ते काढलेस तर घर 'मुलाचे', म्हणजे एकट्या तुझे होते, कारण तुझ्या बहिणीचा कागद नाही. टिंब ही हाताची चूक असते असे तुला वाटत असेल, तर आधी या घरापासून सुरुवात कर. भिंग तुझ्यापाशी आहे. ती समोर बसलेली असेल.

साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही असे कळते. म्हणून चिमट्याला काही ठेवलेले नाही. माझी लाल पेन्सिल काल दुपारीच त्याला देऊन टाकली. ते टिंब चुकून पडले की त्याने घातले, हे मी त्याला एकेचाळीस वर्षे विचारते आहे. पेन्सिल घेतानाही तो नुसता हसला.

हे सर्व मी स्वतः लिहून, दोनदा तपासून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली आहे.

स्थळ : माझी खिडकीजवळची खोली
दिनांक : चौदा मार्च, सकाळ

सही : मुद्रितशोधक

साक्षीदार १ : डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २ : खिळे जुळवणारा, ऊर्फ चिमटा. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ५ मधले टिंब चुकून पडलेले नाही. समाजांवरचेही चुकून पडले नव्हते, मीच घातले. बाई, आता तरी विचारायचं थांबवा.