गिताबाईचा पलंग आणि अकरा फळ्या

१२ नोव्हेंबर २००१

ठरलं! पलंग मीच करणार. डॉक्टर म्हणाले, "आजींना आता खाली निजवू नका, गुडघे पार गेलेत." पोरगा संपत म्हणतो, लोखंडी कॉट आणतो. आणील बापडा, रांजणगावला कंपनीत आहे. पण लग्न झाल्यापासून चाळीस वर्षं गिताबाईनं माझ्या मेंढरांमागं पाय झिजवले. तिचा पलंग माझ्याच हातचा. सागाचा!

ती म्हणते, "मी काय एकटी राणी हाय व्हय, वर निजायला? न्हाई निजायची!"

बघू.

१३ नोव्हेंबर

तिला आडवी करून सुतळीनं माप घेतलं. "मेल्यावर घ्या की माप!" — तोंड चालूच.

लांबी सहा फूट, रुंदी अडीच. अंग एवढंसं, कूस बदलायला पुष्कळ झालं. सहा इंची पाच फळ्या म्हणजे अडीच फूट. पाय चार, दीड-दीड फुटाचे. लांब पट्ट्या दोन, आडव्या दोन. झालं की!

१५ नोव्हेंबर

कसलं झालं! शिरूरच्या लाकडाच्या वखारीत मालक साहेबराव मापांची चिठ्ठी वाचून हसायलाच लागला. "आबा, रंध्याला काय उपाशी ठेवताय व्हय?"

रंधा मारला की सहा इंचाची फळी साडेपाचाची होते म्हणे. पाच फळ्यांत अडीच इंचांची तूट! पाय कापताना करवत खाते ते वेगळंच. शेकड्यानं मेंढरं मोजताना कधी चुकलो नाही — पण मेंढरू काही रंध्यानं बारीक होत नाही!

नवी चिठ्ठी लिहिली. फळ्या सहा.

१६ नोव्हेंबर

"न्हाई म्हंजी न्हाई." एवढंच बोलली दिवसभरात.

मन खट्टू झालं. एवढं करायचं, आन् ही खालीच निजली तर? सकाळी उठताना भिंत धरते, ते बघवत नाही. मी अंगणातून बघतो. मेंढरं राखायला बाहेर निजायचो; ती विकून दोन वर्षं झाली, पण माझी घोंगडी अजून बाहेरच. सवय.

नवी चिठ्ठी वखारीत द्यायला संपतकडं दिली.

१८ नोव्हेंबर

टेम्पोतून लाकूड आलं. वास काय सुटलाय!

पण फळ्या अकरा! आडव्या पट्ट्या पाच-पाच फुटी! साहेबराव झोपेत होता का काय? संपतला विचारलं, तर "दिलं ते आणलं, आबा," म्हणून हसत आत पळाला.

असू दे. उद्या आडव्या निम्म्या कापतो. उरल्या फळ्यांचं फडताळ करू.

१९ नोव्हेंबर

करवत लावणार, तोच गिताबाई काठी टेकत आली. "हात लावू नका! चिठ्ठी मीच बदलून घेतली संपतकडनं."

"का गं?"

"तुम्ही माप एकाचंच काढलं. मेंढरं गेली न्हवं आता? घोंगडी आत आणा."

करवत खाली ठेवली. फळ्या पुन्हा मोजल्या — रंधा मारला तरी बरोब्बर पाच फूट. वर अर्धा इंच शिल्लक.