हेडबाईला हाक मारू नये

मी, गिताबाई पोपटराव साकोरे, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार केंदूर, ता. शिरूर, जि. पुणे, माझ्या मागे काय व्हावे ते स्वहस्ते लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दोन महिन्यांपूर्वी मी जे केले ते याच डोक्याने केले, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

१. गावठाणातील घर, पडवी आणि परडे सून सौ. अनुपमा हिला द्यावे. चिरंजीव उद्धवने फुगून बसू नये; दोन एकर जिरायत त्याला आहे. घर सुनेला का, ते लिहिणे भाग आहे.

मी निवृत्त झाले त्या साली शाळेच्या व्हरांड्यात कुत्री व्याली. त्यातली दोन पिल्ले मी घरी आणली. एक शिपाई, दुसरी त्याची बहीण हेडबाई. तेरा वर्षे दोघे पडवीत राहिले. यंदा माघात शिपाई लाळ गाळू लागला. भाकरीला शिवेना, पाण्याला तोंड लावून मागे सरे. दिवसभर थंड रांजणाला गाल टेकून बसे. मी म्हणे, म्हातारपणी थेरं सुचतात. अनुपमाने त्याच्या गालाला हात लावला तर तिला चावला. तेव्हा माझे दीर मारुतराव चार माणसे आणि काठ्या घेऊन आले.

"वहिनी, पिसाळलंय त्ये. पाण्याला भितंय, आजून काय पायजे?"

अनुपमा हाताला फडके बांधून मध्ये उभी राहिली. "आत्याबाई, त्याची दाढ दुखत आसंल. डाक्टरला तरी बोलवा."

तुला काय कळतंय, असे मी तिला म्हणाले. सगळी हयात शिकवण्यात घातलेली मी.

शिपाई कडब्याच्या गंजीखाली शिरला होता. कोणालाच दाद देईना. मारुतराव म्हणाले, "तुमी हाक मारा. तुमच्याबिगर यायचा न्हाई." मी हाक मारली. तो शेपूट हलवत आला.

त्यापुढचे माझ्याने लिहवत नाही.

अनुपमा सुया घ्यायला शिक्रापूरला गेली, ती येताना गुरांच्या दवाखान्यातील ड्रेसर शेखलाल यांना घेऊनच आली. त्यांनी हातमोजे घालून शिपायाचा जबडा उघडला. "बाई, हिकडं बघा. दाढ पार सडलीया, खाली पू झालाय. पानी कसं प्यावं ह्यानं?" त्याचे डोके तपासणीला पुण्याला गेले. पिसाळल्याची खूण नाही, असे पत्र आले. ते मी रोज उघडते, रोज त्यात तेच लिहिलेले असते. वर्गात एखादे पोर गालाला पाटी लावून बसले की त्याची दाढ दुखते, हे मी दारातून ओळखत असे. आणि घरचा रांजण मला दिसला नाही.

२. मारुतराव भावजींची काठी परड्यात राहिली आहे, ती त्यांना परत द्यावी. दुसरे काही देऊ नये. दोष त्यांचा नाही. त्यांच्या हाकेला तो आलाच नसता. पण गेल्या आठवड्यात हेडबाईकडे बघून ते म्हणाले, "ही बी लाळ गाळती, बरं का." म्हणून हा कागद करते आहे.

३. माझ्या पाटल्या अनुपमाने मोडाव्यात आणि हेडबाईचे दवापाणी करावे. उरेल ते तिचे.

४. हेडबाई असेतो पडवी तिची. भाकरी दुधात कुस्करून द्यावी. थंडीत खाली पोते घालावे, तिचे सांधे धरतात. महिन्यातून एकदा उजेडात तोंड उघडून बघावे. गुरगुरली तर आधी दुखते कुठे ते शोधावे, मग काय ते बोलावे.

५. त्या दिवसापासून ती माझ्याकडे येत नाही. मला वाटले, रुसली. रुसायला हवेच होते. शेखलाल म्हणतात, तिला वर्षभर ऐकूच येत नाही; शिपायाच्या मागोमाग येत होती, एवढेच. म्हणजे मी शिपायाला मारलेली हाक तिने ऐकली नाही. या सगळ्यात एवढे एकच बरे झाले.

तरी माझ्या घरातल्या कोणी तिला हाक मारू नये. आपण उठून तिच्याजवळ जावे. समोरून, रिकाम्या हाताने.

सही: गिताबाई पोपटराव साकोरे

आमच्यादेखत सही केली:
१. शेखलाल नबीलाल तांबोळी, शिक्रापूर (सही)
२. दगडाबाई कोंडिबा गायकवाड, केंदूर (डाव्या हाताचा अंगठा)

केंदूर, शनिवार, १९ एप्रिल २००३