बहिणीच्या माळावरचा दगड

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्यावर चिडते. इतकं नीट शिकवलंत म्हणून चिडते. थोडी कच्ची ठेवली असतीत तर आज सुटले असते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळाला पाणी नसायचं, म्हणून तुम्ही मला वडगावच्या घरी बोलवायचात. शेजारी विणकरांच्या मागांची खडखड, शेगडीवर आमटी उकळतेय, आणि ओट्याच्या कडेला मी काचेवर पूड टाकून दगडाचा काप घासतेय, उजेड आरपार दिसेपर्यंत. बोटं सोलवटायची. पहिला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा मी ओरडलेच. माशाच्या अंड्यांसारखे गोल गोल कण, जुन्या समुद्राच्या तळाशी लाटांनी लोळवलेले! म्हटलं, चुनखडी. तुम्ही मान हलवलीत. "अय्यो, नुसता आकार बघून सांगतीस व्हय गं? रंग लाव की आधी." चुनखडी रंगाच्या पाण्यात लाल होते. हा काप ढिम्म. कणांचे आकार तसेच, पण पुरल्यावर आत मॅग्नेशियम शिरून सगळ्याचं डोलोमाइट झालेलं. "समुद्रात काय हुतं ते एक, मागनं काय झालं ते दुसरं. दोन्ही लिही," म्हणालात आणि भात वाढलात.

आता मी निपाणीहून रोज येऊन-जाऊन बेळगावातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत हेच करते. परवा गोकाकच्या पलीकडचे दगड आले. तो माळ माझ्या धाकट्या बहिणीचा. नवरा गेल्यापासून ती तिथं सासू-सासऱ्यांना घेऊन अडकलीय, आणि माळावर कुसळं सोडून काही उगवत नाही. सिमेंटवाले घेतो म्हणतात, पण दगड चुनखडी असेल तरच. डोलोमाइटनं सिमेंट पुढं फुगून तडकतं. विकला की ती निपाणीत माझ्या गल्लीत घर घेणार. कुठली खोली कुणाची तेही ठरवून बसलीय वेडी. मी साहेबांना म्हटलं, हे काम दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, तुमच्याशिवाय काप बघणारं इथं आहे कोण?

काप लाल झाला नाही.

सकाळी तिचा फोन. "आक्का, बघितलीस का गं? चुनखडीच हाय न्हवं?"

"अजून व्हायचंय."

"लई येळ लावालीस. हितं जीव ऱ्हाईना झालाय माझा."

खोटं लिहावं तर हात चालत नाही, तुम्हीच तसा घडवलात. खरं लिहावं तर माझ्या हातानं तिला त्या माळावर कायमची कोंडल्यासारखं. तिला कुठल्या तोंडानं सांगू की बाई, हा दगड चुनखडीच होता गं, पण कधीकाळी?

हे पत्र मी कुठं टाकणार? फाडूनच टाकीन. पण तुमच्यापाशी एक बोलते. पहिला काप उत्तम झालाय, तरी त्याच दगडाचा आणखी एक घासायला घेतलाय. तो लाल होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी देव पाण्यात घालून घासतेय, मॅडम. हात थांबला की तिला फोन करावा लागेल.