मिशाळरावांचा मुक्काम

३ फेब्रुवारी
सापडला! पूर्ण वाढलेला नर मासा. सगळ्या मिशा शाबूत, शेपूटही धड. आतापर्यंत नुसती दोन पिल्लं होती — त्यांच्या जोरावर नवी जात जाहीर केली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. ओढा आटत आलाय, असा दुसरा काही मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या टाक्यांना रोग लागलाय, म्हणून घरीच आणला. जिवंतपणीचे रंग टिपून घ्यायचे, मग बरणी. नवऱ्याने कपाळाला हात लावला. लावू दे.

५ फेब्रुवारी
वन्सं खोलीबाहेर आल्या! नवऱ्याची ही थोरली बहीण यजमान गेल्यावर चार दिवस म्हणून आमच्याकडे आली, त्याला आता वर्ष होईल. ताटसुद्धा आत न्यावं लागतं. आज टाकीपुढे स्टूल ओढून बसल्या. "हा दिवसा झोपतो वाटतं," म्हणाल्या. किती दिवसांनी आपणहून बोलल्या — माशाबद्दल का असेना!

९ फेब्रुवारी
त्याचं नाव म्हणे मिशाळराव. मी इथे शास्त्रीय नावासाठी डोकं फोडतेय आणि यांनी परस्पर उरकून टाकलं! दुपारी आले तर वन्सं त्याला गांडूळ भरवतायत. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी बाई! वर त्याच्याशी गप्पा. त्यात माझ्या पसाऱ्याची तक्रारही होती. दाराआडून सगळी ऐकली आणि गुपचूप मागे फिरले. इतकं बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
वर्णन अडलंय. पाठीवरच्या काट्याला मागून दाते आहेत, पण किती? वळवळणारा मासा हातात धरून कसे मोजू? प्रयोगशाळेतून सरांचा फोन आला — अजून बरणीत नाही? नमुना कायमचा जपून ठेवल्याशिवाय नाव देता येत नाही. पुढे कुणी शंका घेतली तर दाखवणार काय, फोटो? बरोबर आहे त्यांचं. पण मी आज-उद्या करतेय. मी! इतके मासे बरणीत घातले, कधी दोनदा विचार केला नाही.

१५ फेब्रुवारी
वन्संनी विचारलंच. "मारणारेस ना त्याला?"
हो म्हणाले. खोटं बोलून काय मिळवणार होते? उठल्या, आत गेल्या, दार लावलं. ताट तसंच परत आलं. नवरा म्हणतो, सोड, दुसरा शोध. याचं बोलायला काय जातंय! मासा गेला तर वन्सं पुन्हा मिटून जातील. ठेवला तर एक दिवस आपोआप मरेल, सडेल. आणि बिननावाच्या माशांसाठी तो ओढा कोण राखणार? नुसता जीव तुटतोय.

१६ फेब्रुवारी
दार बंदच.

१९ फेब्रुवारी
केलं.
सकाळी लवंगतेलाची बाटली काढली तर मागे वन्सं उभ्या. दुखेल का, म्हणाल्या. सांगितलं — नाही, दाढेला लावतो तेच तेल, हळूहळू गुंगी येते.
"मग मी धरून बसते त्याला. चालेल?"
बाह्या सारून दोन्ही हात पाण्यात घातले. मिशाळराव त्यांच्या तळव्यावर येऊन टेकला. त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या, अगदी हलक्या आवाजात. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. त्याचे कल्ले थांबले तरी हात काढेनात. पाणी गार होतं, बोटं पांढरी पडली. मी घाई केली नाही. मग म्हणाल्या, "आता घे."
काट्याचे दाते मी मोजले, आकडे त्यांनी लिहून घेतले. रडत मी होते. त्या नाही.

२० फेब्रुवारी
वन्सं आज जेवायला टेबलाशी आल्या. वाढून घेतलं. मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी खाली चहा प्यायला गेले होते. नर्सच म्हणाली, जाऊन या, आत्ता काही होत नाही."
आम्हाला हे माहीतच नव्हतं. नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला.
"काल मी होते," म्हणाल्या.