डावीकडची गाठ

नागपूर
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मला गोल्फचा नवा पटर मिळाला. तो नवा नाही. त्याची रबरी मूठ नवी आहे, एवढंच खरं. मी नीट न पाहता लिहिलं, म्हणून आधी हे दुरुस्त करते. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि लगेच मैनाआत्याच्या हातात देता. उमरेडला गेल्यापासून तुमच्याशी सलग चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

जानेवारीपासून क्लबात लहान मुलांना गोल्फ शिकवायचं काम मला मिळालंय आणि त्यासाठी स्वतःचा पूर्ण संच लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. ज्या क्लबाने तुम्हाला साहेबांच्या पिशव्या वाहायच्या, कॅडीच्या कामावरून काढलं तिथेच मी चालले आहे. यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि ते न बोलणं मी रोज मनात घोळवते. माझ्याकडे लांब फटक्यांच्या लोखंडी काठ्या, आयर्न होत्या, चव्वेचाळीस अंश कलत्या पात्याची पिचिंग वेज होती. उरल्या होत्या आखूड फटक्यांच्या दोन वेज आणि शेवटी चेंडू भोकात ढकलायचा पटर. तुम्ही वेजला पाचर म्हणायचे. मागाला मारायची पाचर आणि साहेबांच्या पिशवीतली पाचर, दोन्ही एकाच सुरात. मला अजून तोच शब्द आधी आठवतो.

वेज निवडताना मी तुमचंच ऐकलं. पन्नास अंशांची एक आणि छप्पन्नची एक, म्हणजे सहा-सहाचं अंतर, फणीच्या दातांसारखं सारखं. उन्मेषभाऊंना मला साठची द्यायची होती. ते आता क्लबात सगळ्या कॅडींवर मुकादम आहेत आणि दुरुस्तीची खोलीही त्यांच्याकडेच आहे. मी म्हटलं, नको, आपली जमीन डिसेंबरात कडक होते, साठची माझ्या हातून घसरेल. पन्नासची पातळ तळाची घेतली आणि छप्पन्नची वाळूसाठी जाड तळाची. चार वेगवेगळ्या पाचरींनी दोन तास चेंडू मारून पाहिले. उन्मेषभाऊ खुर्चीत बसून हसत होते. म्हणाले, "काय पाहून राहिली वं इतकं? पाचर हाय ते, सोयरीक नाही जुळवाची."

मग त्यांनी कपाटामागून पटर काढला. तेहतीस इंचांचा, बारीक पात्याचा, माझ्या उंचीला अगदी बरोबर. मी तो घरी आणला आणि त्याच आनंदात तुम्हाला पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी अंगणात सराव करताना मुठीच्या खालच्या टोकाशी अंगठ्याला काहीतरी लागलं. रबराखाली, तांदळाच्या दाण्याएवढं. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला मागावरच्या ताण्यावरून अंगठा फिरवून गाठी शोधायला बसवायचे. दुसऱ्या कोणाला ते जाणवलंही नसतं.

मी रबर बोटभर वर सरकवलं. खाली लाल सुताचे वेढे होते, खळ लावून बसवलेले, आणि शेवटी एक पांढरा. गाठ मागावर तुटलेला धागा जोडतात ती, पण डावीकडून फिरवलेली. मागाच्या धोट्याने तुमच्या उजव्या हाताचं बोट फोडलं तेव्हापासून तुम्ही ती डावीकडून घालता. आईची गाठ तशी नाही, आत्याची नाही, माझीही नाही. क्लबाचे मेंबर श्रीखंडे साहेब, त्यांच्या पटरची मूठ घसरत होती म्हणून तुम्ही ती बांधून दिली होती आणि साहेबांनी ती सगळ्यांना दाखवली होती. सात वर्षांपूर्वी तोच पटर नाहीसा झाला आणि तुमचं नाव घेतलं गेलं.

उन्मेषभाऊंना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, हा आला कुठून. आधी म्हणाले, दिल्लीहून. तासाभराने म्हणाले, एका मेंबरनं ठेवून दिला होता. संध्याकाळी मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "तुले पटर पाहिजे का त्याची जन्मपत्रिका?" आणि हसले, पण माझ्याकडे न पाहता. मूठ त्यांनीच बदलली असेल तर आतली गाठ त्यांनी पाहिली असणार. पाहिली असेल तर तोच पटर तुमच्या, मारोतरावांच्या मुलीला काहून द्यावा? की तो माझ्याच पिशवीत सापडावा म्हणून दिला? आधी बाप, मग पोरगी, असं लोकांनी म्हणावं म्हणून? की जुन्या मुठीवरच त्यांनी नवी चढवली, त्यांना काहीच माहीत नाही, आणि मी एका हसण्यावरून माणूस चोर ठरवतेय? रोज सकाळी मला एक वाटतं आणि दुपारपर्यंत दुसरं. पटर मी जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. आईला दाखवला. तिने गाठ पाहिली, लुगडं पुन्हा गुंडाळलं, मग म्हणाली, "पोरी, तू खरं बोलते, पण लई घाईनं बोलते. एकदा बोलली तेवढं पुरे."

तेव्हा मला कळलं की सात वर्षांपूर्वी मी काय बोलले ते आईला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

बाबा, त्या वेळी क्लबाचे मॅनेजर घरी आले तेव्हा तुम्ही सुताच्या गठ्ठ्यासाठी इतवारीच्या बाजारात गेला होता. मी सोळा वर्षांची. त्यांनी विचारलं, बाबांनी काल घरी काही आणलं का. मी म्हटलं, हो, काठीएवढं लांब काहीतरी, धोतरात गुंडाळलेलं. कापडाच्या थानात दोष असला की गिऱ्हाईकाच्या आधी आपण त्यावर बोट ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. मला वाटलं मी तेच करतेय. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. तुम्हाला काढलं ते त्या सहीवर. दुसऱ्या दिवशी तुम्ही मागाला नवा दांडा बसवताना मी पाहिलं. धोतरात तो दांडा होता. तरी मी परत जाऊन ते सांगितलं नाही, कारण मला वाटलं, दांडा आपल्याला दाखवायला आणला असेल आणि पटर दुसरीकडे ठेवला असेल. सात वर्षं मी तुमच्याविषयी हे मनात धरून होते, तुमच्या पानात भाकरी वाढतानाही. उन्मेषभाऊंवरचा संशय खरा की खोटा, मला ठाऊक नाही. पण पटर क्लबातच निघाला, तुमच्यावरचा खोटा होता.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती उमरेडला येऊन समोर बसून मागेन. तुम्हाला आधी कळावं, दुसऱ्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी. क्लबाच्या सभेला सगळे मेंबर येतात, श्रीखंडे साहेबही. तिथे मी उन्मेषभाऊंचं नाव चोर म्हणून घेणार नाही. पटर कोणाकडून मिळाला आणि त्यांनी काय काय सांगितलं, तेवढंच सांगेन. पण त्याच्या आधी माझा सात वर्षांपूर्वीचा जबाब चुकीचा होता, हे लेखी देईन आणि खाली सही करीन. मग रबर कापून गाठ उघडी करीन. जानेवारीचं काम राहील की जाईल, सांगता येत नाही. दोन्ही पाचरी मात्र चांगल्या निघाल्या. सभा सकाळी साडेआठला आहे, येत्या रविवारी, १४ डिसेंबरला.

तुमचीच,
धनश्री