दुसरी गोळी

तात्या, मी रायफल घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटत होतं. सांगितलं मात्र आईला, फोनवर. तिने एकच विचारलं, "किती नळ्यांची?" मी म्हटलं, "आई, रायफलीला एकच नळी असते." यावर तिने फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी पुन्हा बोललो तेव्हा तिने मुंबईतल्या उकाड्याचा विषय काढला आणि मीही तोच चालू ठेवला.

आम्ही आता आयर्लंडमध्ये असतो, विकलोच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका गावात. मी लिक्सलिपला चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. तुमचा जावई सॉफ्टवेअरमध्ये, त्याचं ऑफिस डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकपाशी, पण दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हापासून तो वरच्या खोलीतच बसतो. मला मात्र प्लांटवर जावं लागायचं. येताजाता शेजारच्या म्हाताऱ्याचं सामान आणून द्यायची, कारण सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचंच नाही असं सरकारने सांगितलं होतं. हा म्हातारा मेंढ्या पाळतो. मुलगे ऑस्ट्रेलियात आहेत, बायको वारली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख ठरलेली, ती ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलने कोविडमुळे पुढे ढकललेली. मी दारात पिशवी ठेवायची, तो गडग्यापलीकडून बोलायचा. आपल्याकडे असतात तसेच दगडी गडगे इथे आहेत तात्या, चुन्याशिवाय रचलेले. तुम्हाला आवडले असते.

त्याच्या शेताला हरणांचा त्रास आहे. सिका म्हणतात त्यांना, सांबरापेक्षा बरीच लहान, पण कळपाने येतात. मेंढ्यांना हिवाळ्यात चारायला तो कोबीच्या जातीचा एक पाला पेरतो, आदल्या वर्षी त्यातला अर्धा हरणांनी खाल्ला होता. आजवर तो स्वतः हरणं मारून संख्या आटोक्यात ठेवायचा. आता त्याला आपल्या फाटकापुढचं दिसत नव्हतं. "अजून एक हिवाळा असा गेला तर मेंढ्या विकाव्या लागतील," तो म्हणाला, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मग त्याने विचारलं, "तुझ्या बापाकडे बंदूक होती म्हणालीस ना?"

होती. बारा बोअरची एकनळी, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की तुम्ही ती गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचात आणि निकाल लागला की परत आणायचात. पडवीत बसून तुम्ही गजाला चिंधी लावून नळी पुसताय, मी समोर उकिडवी बसलेय. एकदा मी रिकामी बंदूक उचलून घोड्यावर बोट ठेवलं तर तुम्ही ती माझ्या हातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "बोट बाहेर, गो. मारायचं ठरलं की मगच आत." मोठ्याने बोलला नाहीत, पण त्या दिवशी मी जेवले नाही.

मी म्हाताऱ्याला हो म्हटलं, आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात हेही ठरलं होतं की घ्यायची तर सेमी-ऑटोमॅटिकच. म्हणजे एक गोळी सुटली की रायफल स्वतःच दुसरी आत ओढून घेते. तुम्ही फक्त पुन्हा घोडा दाबायचा. कारण तुम्हाला माहीत आहे. भाताच्या खाचरात तुम्ही डुकरावर गोळी झाडलीत, ती त्याला मागच्या अंगाला लागली, आणि तुम्ही बंदूक मधून उघडून रिकामं काडतूस काढेपर्यंत ते तुमच्या अंगावर आलं होतं. दुसरं काडतूस तुमच्या खाकी शर्टाच्या खिशातच राहिलं. मांडी गुडघ्यापर्यंत फाडली त्याने. त्यानंतर तुम्ही कधी सरळ चालला नाहीत, आणि तुम्ही असेपर्यंत आई एकच म्हणत राहिली, "दुनळी घ्या म्हणून मी सांगत होते." मी आईच्या बाजूची होते. दुसरी गोळी तयार असती तर पाय वाचला असता, हे माझ्या लेखी गणिताइतकं सरळ होतं.

उन्हाळ्यात दुकानं उघडली तेव्हा मी मास्क लावून बंदुकीच्या दुकानात गेले. काउंटरमागचा माणूस पन्नाशीचा, शांत. मी माझं म्हणणं मांडलं: सेमी-ऑटोमॅटिक, थ्री-ओ-एट कॅलिबर, म्हणजे जाड गोळीची. इंटरनेटवर रात्रंदिवस वाचून मी पाठच केलं होतं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बावीस बोअरची सेमी-ऑटो हवी तर देतो, सशांना ग्रँड आहे. पण हरणाला बावीस कायद्याने चालत नाही, फार हलकी पडते. आणि हरणाच्या ताकदीची सेमी-ऑटो म्हटलीस तर ती वेगळ्या वर्गात जाते. गार्डांच्या मोठ्या साहेबाची परवानगी लागेल, आणि ते नवीन कुणाला देतात असं माझ्या पाहण्यात नाही." गार्डा म्हणजे इथले पोलीस. मी म्हटलं, "कुणाला देत नाहीत म्हणजे देताच येत नाही असं नाही ना?" तो हसला. "अर्ज कर की. पण आधी नेमबाजीच्या रेंजवर ये आणि दोन्ही मारून बघ. मग भांड त्यांच्याशी."

रेंज डोंगराच्या कुशीत होती, समोर मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे कागदाचं निशाण. त्याची स्वतःची जुनी थ्री-ओ-एट सेमी-ऑटो होती, पूर्वीच्या परवान्यावरची. मी आडवी झाले, नेम धरला. पहिली गोळी काळ्या वर्तुळात गेली. दुसरी वर, पांढऱ्यात. तिसरी कागदालाच लागली नाही. पुन्हा मारल्या, पुन्हा तेच. मग त्याने बोल्टची रायफल दिली, जिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका उचलून मागे ओढावा आणि पुढे ढकलावा लागतो. कॅलिबर टू-फोर-थ्री, गोळी लहान, खांद्याला धक्का कमी. तिच्या तीनही गोळ्या एका बशीत मावतील एवढ्या जवळ पडल्या.

"थ्री-ओ-एटचा धक्का तुला जास्त होतोय, तू आधीच डोळे मिटतेस," तो म्हणाला. "सिकाला टू-फोर-थ्री पुरते, मांसही कमी खराब होतं. पण खरं सांगू? कॅलिबरचं नंतर. सेमी-ऑटो हातात आली की तू पहिली गोळी मारतच नाहीस. दुसरीच्या भरवशावर ती सोडून देतेस."

मला राग आला. मी त्याला खाचर, डुक्कर, मांडी सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते फार लहान वाटलं. त्याने रायफल रिकामी करून आत गोळी उरली नाही हे मला दाखवलं, मग ती बाजूला ठेवली. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण सिका अंगावर येत नाही. जखमी झालं तर पळतं, झाडीत शिरतं, आणि दोन दिवस मरत राहतं. धोका तुला नाही, त्याला आहे." आणि त्याने बांधाकडे बोट दाखवलं. "आणि ही काही छऱ्याची बंदूक नाही. चुकलेली गोळी मैलभर जाते. मागे माती दिसत नसेल तर मारायचीच नाही. जितक्या जास्त झाडशील तितक्या गोळ्या कुठे गेल्या ते तुला ठाऊक असायला हवं."

गाडी चालवत घरी येताना मला चिपळूणचं हॉस्पिटल आठवलं. तुम्ही लोखंडी खाटेवर आहात, पाय वर बांधलेला. आई बाहेर डॉक्टरांशी बोलतेय, पुन्हा दुनळीचंच. मी तुम्हाला मोसंबं सोलून देतेय. तुम्ही छताकडे बघत म्हणता, "उजेड नव्हता. डुकराचं तोंड कुठे नि शेपूट कुठे ते मला दिसत नव्हतं. मी मारायलाच नको होती." मी ते ऐकलं होतं. फक्त खरं धरलं नव्हतं. मला वाटलं, तापात बोलताहेत. आई आत आल्यावर तुम्ही ते पुन्हा कधीच बोलला नाहीत, आणि पंधरावीस वर्षं तिला दुनळीवरून बोलू दिलंत. तिला रागवायला काहीतरी हवं होतं, बंदुकीवर रागावली तर बरं, असं तुम्हाला वाटलं असेल का? की नुसता कंटाळा?

टू-फोर-थ्रीच घेतली, बोल्टची. परवान्यासाठी गार्डा घरी आला, पोरगेलासा, अतिशय सभ्य. रायफलीची लोखंडी पेटी आम्ही जावयाच्या खोलीतल्या प्रेसमध्ये भिंतीला बोल्टने घट्ट केली होती; प्रेस म्हणजे इथे कपाट. गार्डाने ती हलवून बघितली, चहा घेतला, आणि इतक्या सगळ्या डब्यांत नेमके कोणते मसाले आहेत ते विचारलं. जावई नंतर म्हणाला, "अगं, आता मी मीटिंगमध्ये बसणार आणि पाठीमागे रायफल?" पण पेटीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या, त्यातली एक त्याने कधी मागितली नाही.

डिसेंबरात निर्बंध जरा सैल झाले. एके पहाटे म्हातारा आणि मी गडग्याला टेकून बसलो होतो, अंतर ठेवून. त्याला दिसत नव्हतं, तरी यायचा हट्ट होता. वारा कुठून येतोय ते मात्र तो बरोबर सांगायचा. पहिली मादी वर डोंगराच्या धारेवर उभी राहिली, मागे नुसतं आकाश. मी तिला जाऊ दिलं. "का?" त्याने कुजबुजून विचारलं. "मागे माती नाही." मग एक पाल्यात उतरली, पण अजून नीट फटफटलं नव्हतं. तिचं तोंड कुठे ते कळत होतं, खांदा कुठे संपतो ते नव्हतं. मी बोट बाहेर ठेवलं. फार थंडी होती तात्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. ती चरत चरत दूर चालली आणि मला वाटलं, गेली. मग उजेड आला, ती आडवी वळली, मागे चढाची काळी माती. मी मारली.

ती उसळली आणि पळाली. माझ्या हाताने आपोआप बोल्ट ओढून दुसरी गोळी आत घेतली होती. पण कुंपणापाशी पोचायच्या आधीच तिचे पुढचे पाय दुमडले, आणि ती पुन्हा हलली नाही. त्या वेळी मी मोठ्याने ओरडले. डोंगरावरून तो आवाज परत आला तेव्हा कुठे मला कळलं की मी ओरडलेय.

म्हातारा काठी टेकत उठला. "काय म्हणालीस ते? टात्या?" त्याचा चेहरा उत्सुक होता, डोळे माझ्यापासून थोडे बाजूला रोखलेले. मी म्हटलं, "आमच्याकडे नीट लागली की असं म्हणतात."

त्या हिवाळ्यात त्याच्या मेंढ्या राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि या सप्टेंबरपासून तो स्वतःही रायफल घेऊन येतो. नेम अजून चांगला आहे त्याचा. हरीण पडलं की टोपी वर करून दरीभर ऐकू जाईल असा ओरडतो, "टात्या!" मी मान हलवते. खरा अर्थ मी त्याला अजून सांगितलेला नाही.